आवाज अडणार नाही असा पडदा

लोक त्यांना पडदेवाले म्हणत. खिडक्यांचे पडदे शिवणारा माणूस समजून आठवड्यातून एखादा फोन यायचाच. मग ते हसून सांगायचे, "आमचा पडदा उघडत नाही हो. त्याच्यावर सिनेमा उघडतो." घरोघरी छोटी थिएटरं बसवून देण्यात त्यांची बावीस वर्षं गेली होती. भिंत बघितली की पडदा किती रुंद बसेल ते फूटपट्टी न लावता सांगायचे. अलीकडे उजव्या कानात बारीक शीळ वाजायला लागली होती, तेवढं मात्र ते कुणाला सांगत नसत.

त्या घरी त्यांना बोलावलं ते मुलीने. "बाबांना वरची खोली सिनेमासाठी करून द्यायची आहे," ती फोनवर म्हणाली. "तुम्ही या. पण आधीच सांगते, ते वाद घालतील. जन्मभर साउंड रेकॉर्डिस्ट होते. टीव्हीचा आवाजसुद्धा आम्हाला लावता येत नाही त्यांच्यासमोर."

दुमजली घर होतं. वरच्या मजल्यावर मागच्या अंगाला ती खोली. खिडकी एकच. तिन्ही भिंतींवर जुन्या गोधड्या खिळे ठोकून लावलेल्या, खालचे काठ झिजून त्यांचे दोरे लोंबत होते. खोलीच्या मध्यावर एक म्हातारे गृहस्थ खुर्ची टाकून बसले होते. अठ्ठ्याहत्तरीचे, अंगाने काटकुळे. हातातली काठी त्यांनी भिंतीला लावून ठेवली होती.

पडदेवाल्यांनी सवयीप्रमाणे कोपऱ्यात जाऊन खोली ऐकायला टाळी वाजवली. नेमकी त्याच क्षणी म्हाताऱ्यांनीही वाजवली. दोघं एकमेकांकडे बघून हसले.

"घुमत नाही," म्हातारे म्हणाले. "गोधड्या मी लावल्यात. बायको इथे सराव करायची."

"मग काम सोपं आहे, काका. समोरच्या भिंतीवर दहा फुटी पडदा, डाव्या-उजव्या बाजूला दोन स्पीकर, आणि संवादांचा मधला स्पीकर पडद्याच्या खाली, बुटक्या टेबलावर."

"खाली?"

"सगळे तिथेच ठेवतात."

"अहो पडदेवाले, माणूस तोंडाने बोलतो की गुडघ्यांनी?"

मुलगी दारात उभी होती. तिने 'सांगितलं नव्हतं का?' अशा चेहऱ्याने पाहिलं. पडदेवाल्यांना मात्र म्हातारे आवडले. असं गिऱ्हाईक वर्षातून एखादंच भेटतं. बाकीच्यांना पडदा मोठा हवा असतो, आणि शेजाऱ्याच्या पडद्यापेक्षा मोठा हवा असतो.

"मग स्पीकर पडद्याच्या मागे जाईल," ते म्हणाले. "बरोबर तोंडाच्या उंचीवर. पण त्याला पडदा वेगळा लागतो, आवाज अडणार नाही असा. त्याच्यात दोन जाती. एकाला सुईच्या टोकाएवढी हजारो भोकं असतात, आवाज त्यांतून येतो. दुसरा विणलेला, कापडासारखा. भोकांचा असेल तर चित्र झकास, आवाज थोडा मार खातो. विणलेल्याचं उलटं. शिवाय वीण जाड असली तर जवळून दोरे दिसतात. तुम्ही दहा फुटांवर बसणार, म्हणजे निवडूनच घ्यावा लागेल."

"नमुने घेऊन या. ऐकल्याशिवाय मी काही घेत नाही."

चार दिवसांनी, दुपारी, पडदेवाले तीन नमुने घेऊन आले. माणसाच्या उंचीच्या लाकडी चौकटींवर ताणलेले तीन पडदे. प्रोजेक्टर स्टुलावर मांडला, स्पीकर उंच स्टँडवर ठेवला. म्हाताऱ्यांनी सिनेमा आपलाच दिला. जिन्यातून सामान वर आणताना मुलगी हळूच म्हणाली होती, "त्यात आई आहे. म्हणजे दिसत नाही. आवाज तिचा आहे."

त्या नायिकेला पडदेवालेच काय, अख्खी पिढी ओळखत होती. तिचा आवाज तिचा नव्हता हे मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. सव्वीस वर्षं ती पडद्यावर ओठ हलवत आली आणि या घरातली बाई डबिंगच्या खोलीत काळोखात उभी राहून तिच्या तोंडून बोलत आली. काचेच्या पलीकडे रेकॉर्डिंगला नवरा. ती बायको जाऊन तीन वर्षं झाली होती.

पहिला नमुना भोकांचा. म्हाताऱ्यांनी डोळे मिटले. नायिका दोन वाक्यं बोलली असेल नसेल, त्यांनी हात वर केला.

"'स' बोथट झाला. भिजवून काढल्यासारखा वाटतोय."

"वरच्या पट्ट्या थोड्या चढवून देतो."

"चढवलेलं मला कळतं."

दुसरा विणलेला, जाड विणीचा. आवाज मोकळा आला. म्हाताऱ्यांनी मान डोलावली. पण चित्रात खिडकीचे गज आले आणि त्यांच्यावर लाटा उठल्या. चित्राचे ठिपके आणि कापडाची वीण एकमेकांत अडकली की असं होतं, गज पाण्यात हलावेत तसे दिसतात. मुलीने कपाळाला हात लावला. "मला गरगरतंय. हा नको."

तिसरा बारीक विणीचा, आणि वीण मुद्दाम तिरकी धरून ताणलेला. पडदेवाल्यांनी त्याच्या मागे काळं कापड सोडलं, म्हणजे स्पीकरची चकाकी दिसायला नको. सिनेमा पुन्हा पहिल्यापासून लावला. आणि आवाज ओठांवर जाऊन बसला. असा बसला की मुलगी एक पाऊल मागे सरली. समोर बाई उभी राहून बोलतेय, इतकं ते जवळचं वाटलं.

पडदेवाले चौकटीच्या बाजूला उभे होते, डावा कान पडद्याकडे करून. त्यांना प्रत्येक वाक्याच्या आधी काहीतरी ऐकू येत होतं. श्वास भरल्याचा आवाज आणि त्याला जोडून, मिटल्या ओठांनी, एक बारीकसं 'हं'. मग वाक्य. पुढचं वाक्य यायच्या आधी पुन्हा 'हं'. आपल्या कानाचं दुखणं आता या बाजूलाही आलं की काय, असं त्यांना वाटलं. त्यांनी जागा बदलली. 'हं' तिथेही आलं.

"काका, ही प्रत जरा कच्ची दिसतेय," ते म्हणाले. "वाक्याच्या आधीचं 'हं' काढायचं राहून गेलंय."

म्हाताऱ्यांनी डोळे उघडले. "काय म्हणालात?"

"ते 'हं' हो. प्रत्येक वाक्याच्या आधी."

"मला वाटलं, मलाच येतंय," म्हातारे म्हणाले. त्यांचा आवाज एकदम खाली गेला होता. "बाळ, तुला?"

मुलीच्या दंडावर काटा उभा राहिलेला दिसत होता.

"ती तसंच करायची," म्हातारे म्हणाले. "श्वास घ्यायची आणि 'हं' म्हणायची. ती माझ्यासाठी खूण होती. मी तयार आहे, सुरू करा. टेप चालूच असायची, मी चित्र सोडायचो, ती बोलायची आणि नंतर ते 'हं' मी काढून टाकायचो. आधी ब्लेडने, पुढे कॉम्प्युटरवर. एकूण एक काढलेत, पडदेवाले. एकही राहिलेलं नाही. राहूच शकत नाही."

पडदेवाले कामाचा माणूस. असल्या वेळी ते वायरी तपासतात. त्यांनी पडदा बाजूला करून नुसताच स्पीकर लावला. संवाद आले, 'हं' नाही. भोकांचा पडदा लावला. नाही. जाड विणीचा लावला. नाही. तिसरा पुन्हा लावला, आणि पहिल्याच वाक्याआधी ते आलं. मग त्यांनी चौकटीच्या मागे हात घालून स्पीकरच्या पडदीवर बोटं टेकवली. वाक्य आलं की पडदी बोटांखाली थरथरत होती. वाक्य संपलं. 'हं' ऐकू आलं, त्यांच्या मनगटापासून हातभर अंतरावर, आणि पडदी गार आणि स्थिर होती.

त्यांनी हात काढून घेतला आणि सिनेमा बंद केला.

"पहिला लावा," मुलगी म्हणाली. "भोकांचा. 'स' थोडा इकडेतिकडे झाला तर चालेल."

"तिसरा," म्हातारे म्हणाले.

"बाबा!"

"तिसरा. आणि तू बस जरा. तुला एक सांगायचं राहिलंय." पडदेवाले सामान आवरून निघायला लागले, तर म्हाताऱ्यांनी त्यांनाही बसवलं. "तुम्ही ऐकलंयत. तुम्हीही बसा."

मग त्यांनी जे सांगितलं ते मुलीने आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. नायिकेचा शेवटचा सिनेमा आला तेव्हा बायकोचा आवाज फाटायला लागला होता. वरच्या स्वरात तडा जायचा. दिग्दर्शकाने विचारलं, "तुम्ही सांगा, चालेल का?" आणि ते म्हणाले, चालणार नाही. दुसरी बाई त्यांनीच शोधली, स्टुडिओत नुकतीच आलेली. तिचं रेकॉर्डिंगही त्यांनीच केलं. घरी मात्र सांगितलं, सिनेमा डब्यात गेला. चार महिन्यांनी तो थिएटरला लागला. बायको एकटी जाऊन बघून आली.

"घरी आली, चपला काढल्या. मी विचारलं, कुठे गेली होतीस? म्हणाली, सिनेमाला. मी विचारलं, चहा टाकू? तर म्हणाली, हं. बस. त्यानंतर सहा वर्षं ती माझ्याशी एवढंच बोलली. जेवतेस? हं. दिवा घालवू? हं. भांडली असती तर बरं झालं असतं."

"आई घशामुळे बोलत नाही, असं तुम्ही मला सांगायचात," मुलगी म्हणाली.

"हो."

"माझ्याशी बोलायची ती, बाबा. थोडं, पण बोलायची. मला वाटायचं, तुमच्याशी रात्री बोलत असेल." ती उठली आणि खाली निघून गेली. खालच्या स्वयंपाकघरात भांडी जोरात ठेवल्याचे आवाज येत राहिले.

पडदेवाल्यांनी घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं, कानाच्या शिळेसकट. "मी त्यांना सांगणार आहे की तो पडदा मिळत नाही. बंद झालाय म्हणून."

बायको धुतलेले कपडे घडी करत होती. "गोदामात गुंडाळी आहे ना अख्खी?"

"आहे."

"मग कशाला खोटं बोलता? त्या घरात खोट्यामुळेच एवढं झालं. अहो, तुम्ही पडदा द्यायचा. त्याच्यामागे कोण उभं राहायचं ते त्यांचं ते बघतील. आणि त्या कानासाठी उद्या डॉक्टरकडे जायचं. मी येणार आहे बरोबर."

पंधरा दिवसांनी पडदा बसवायला पडदेवाले एकटेच गेले. चौकट भिंतीपासून फूटभर पुढे उभी केली, तिन्ही स्पीकर मागे ठेवले, मागची भिंत काळ्या कापडाने मढवली आणि पांढरं कापड चारी बाजूंनी आकड्यांत ओढून ढोलासारखं ताणलं. चौकट आणि भिंत यांच्यामधल्या बोळात शिरून वायरी जोडायची वेळ आली, तेव्हा त्यांनी खिडकी सताड उघडली. काम होईपर्यंत मनातल्या मनात पाढे म्हणत होते.

खाली उतरले तर बैठकीत एक पन्नाशीच्या पुढच्या बाई बसल्या होत्या. भरघोस बांधा, गळ्यात मफलर, हातात गरम पाण्याची बाटली. मुलीने ओळख करून दिली. ही तीच, दुसऱ्या आवाजाची बाई. बाबा म्हणतात ते खरं की काय, हे पडताळायला मुलीने तिला शोधून काढलं होतं.

"स्टुडिओत मला नवी म्हणायचे," बाई म्हणाल्या. "नातवंडं झाली तरी नवीच आहे. माझ्यामागून आणखी कोणी नवी आल्याशिवाय माझं नाव बदलत नाही बहुतेक." हसताना त्यांचा आवाज इतका तरुण होता की पडदेवाल्यांनी खोलीत आणखी कोणी आहे का म्हणून नजर फिरवली.

म्हाताऱ्यांनी सगळ्यांना वर नेलं. शेवटचा सिनेमा लावायला सांगितलं. बारीक विणीच्या त्या पडद्यावर चित्र सुरेख उतरलं होतं, आवाज ओठांवर होता, पण एकाही वाक्याआधी 'हं' आलं नाही. म्हातारे खुर्चीत पुढे वाकून, काठीवर हनुवटी टेकून ऐकत होते. अर्ध्या तासाने ते म्हणाले, "बंद करा. ती नाहीये यात."

"नाही कशी?" नवी म्हणाल्या. "बाईच तर आहेत या सगळ्यात."

"म्हणजे?"

"म्हणजे काय! मला हे जमणार होतं का सर? दोन महिने झाले होते मला येऊन. बाई माझ्या घरी आल्या होत्या. चार दुपारी आल्या. सगळे संवाद त्यांना पाठ होते. कुठे थांबायचं, कुठे श्वास चोरायचा, सगळं घोटून घेतलं माझ्याकडून."

मुलगी म्हणाली, "रेकॉर्डिंगच्या आधी?"

"आधी, म्हणून तर जमलं. तुमच्या बाबांनी मला घेतल्याचं त्यांना त्याच दिवशी कळलं होतं. स्टुडिओ केवढासा! चहावाल्यालासुद्धा सगळं कळायचं." नवींनी बाटलीतलं पाणी घोटभर घेतलं. "मी रडायलाच लागले होते. मी म्हटलं, बाई, तुमच्या पोटावर पाय देतेय मी. तर म्हणाल्या, आवाज गेलाय तो माझा मला कळत नाही का? त्याने बरोबरच केलंय. फक्त त्याने माझ्या तोंडावर सांगायला हवं. सांगेल. मी वाट बघते. आणि मला शपथ घातली, सरांना कळू द्यायचं नाही म्हणून."

म्हाताऱ्यांची काठी घसरून खाली पडली, ती कोणी उचलली नाही.

"मग सांगितलंत ना तुम्ही त्यांना?" नवींनी भाबडेपणाने विचारलं.

मुलीला आधी उमगलं, मग बाकीच्यांना. 'मी तयार आहे, सुरू करा,' एवढाच घरातल्या त्या 'हं'चाही अर्थ होता. सव्वीस वर्षं काचेपलीकडून तो ज्याला कळत होता, त्याला घरात सहा वर्षं कळला नाही.

"तुम्ही सगळे खाली जा," म्हातारे शेवटी म्हणाले. "पडदेवाले, ते चित्र, तो आवाज, सगळं बंद करा. नुसता पडदा राहू द्या."

पडदेवाल्यांनी बटणं बंद केली. प्रोजेक्टरचा पंखा घरघरत थांबला. तिघं जिना उतरून बैठकीत येऊन बसले. संध्याकाळचे पाच वाजले होते, बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. वरून म्हाताऱ्यांचा आवाज यायला लागला. शब्द कळत नव्हते. मधूनच तो थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. एकदा बराच वेळ थांबला तेव्हा मुलगी उठून जिन्याच्या पहिल्या पायरीपर्यंत गेली. मग वरून पुन्हा बोलणं सुरू झालं आणि ती तिथेच पायरीवर बसली. नवी निघून गेल्या तरी ती उठली नाही.

पडदेवाल्यांनी त्यानंतर त्या घराचा विषय टाळला. पण प्रोजेक्टरची जाळी वर्षातून एकदा साफ करावी लागते, आणि ती करून द्यायचं त्यांनी कबूल केलं होतं. मुलीचा फोन आला तेव्हा जावंच लागलं.

"ते काय... अजून येतं का?" त्यांनी दारातच विचारलं.

"ते 'हं'? नाही. त्या दिवसापासून एकदाही नाही. मी सगळे सिनेमे लावून बघितले." तिने दार पूर्ण उघडलं. "आम्ही दोघं महिनाभर बोलत नव्हतो. आता बोलतो. भांडतोसुद्धा."

वर म्हातारे आपल्या खुर्चीत बसले होते. प्रोजेक्टर बंद, अँप्लिफायर बंद, खिडकीतून दुपारचं ऊन. ते पडद्याकडे तोंड करून कुणाला तरी काही सांगत होते, अगदी आरामात, घरात सांगतात तसं. पडदेवाल्यांना पाहून त्यांनी मान हलवली, 'तुमचं चालू द्या' अशी, आणि पुढे सांगत राहिले. स्टुडिओत एकदा कुत्रं शिरलं होतं, त्याची गोष्ट होती. रडण्याच्या सीनला ते भुंकलं, आणि दिग्दर्शकाने तोच टेक घ्यायचा हट्ट धरला.

छताला टांगलेल्या प्रोजेक्टरपाशी पडदेवाले शिडीवर चढले. प्लग काढून बाजूला ठेवला होता, त्यांनी स्वतः. झाकण उघडलं, जाळी काढली, ब्रशने धूळ झाडायला घेतली. खालून गोष्ट चालूच होती.

"...आणि निर्माता विचारतो, या कुत्र्याचं नाव श्रेयनामावलीत टाकायचं का?"

पडद्याच्या मागून कुणीतरी हसलं. छोटंसं, नाकातून फुटलेलं, आवरायचा प्रयत्न करूनही न आवरलेलं हसू. बाईमाणसाचं.

पडदेवाल्यांच्या हातातला ब्रश खाली पडला. म्हाताऱ्यांनी मागे वळूनही बघितलं नाही. ते स्वतःही हसत होते आणि हसतच पुढचं सांगायला लागले होते. पडदेवाल्यांनी जाळी कशीबशी बसवली, झाकण लावलं, प्लग पुन्हा जोडला. शिडी खांद्यावर घेऊन ते खाली आले. मुलीने चहा ओतून ठेवला होता. तो त्यांनी उभ्याउभ्याच घेतला.

"काही ऐकलंत का वर?" तिने विचारलं.

"काका गोष्ट सांगतायत," ते म्हणाले. "कुत्र्याची."

"ती होय. ती आईची आवडती होती," असं म्हणून ती रिकामा कप घेऊन आत गेली.